खळीनं चिकटवलेलं पान

भाऊजी,

नैरोबीहून शरूचं पत्र आलं. तुम्ही गेल्याची तार तिकडे पोचल्यावर तिनं आणि बाळनं मिळून लिहिलेलं. दोघांनी तुम्हाला एकदाच पाहिलं, तेही चार दिवस, आणि तुम्ही त्यांना आंबा माचवून, मऊ करून कसा चोखायचा एवढंच शिकवलंत. शरू विचारते, "आजी, बाबा म्हणतात मुकुंदआजोबा मोठे कादंबरीकार होते. मोठे म्हणजे किती मोठे? त्यांची तीनच तर पुस्तकं आहेत."

उत्तर लिहायला बसले. समास आखला, वर तारीख घातली, 'चि. शरू आणि चि. बाळ' लिहिलं आणि पुढचं वाक्य तुम्हालाच लिहिलं गेलं. दहा वर्षं तुमच्या मजकुराच्या प्रती केल्या, त्या तुमच्याशी भांडत भांडत. हात त्याच सवयीनं चालतो. तेव्हा पत्र तुम्हाला, आणि त्याची स्वच्छ प्रत मुलांना, असं ठरवलं आहे.

जन्म, नोकरी, निधन हे सगळं वर्तमानपत्रात आलं. त्यात दोन चुका होत्या, त्या मी पेन्सिलीनं दुरुस्त करून कात्रण ठेवलं आहे. इथे ते पुन्हा लिहीत नाही.

मुलांना हे मात्र सांगायला हवं की तुम्ही तहसिलीत मुन्शी होता. शिकलात उर्दूत, हुकूम लिहिलेत उर्दूत. मराठी तुमची घरातली, आणि लिहायची म्हटली तर मोडीतली. हैदराबाद संस्थान भारतात सामील झालं तसे कचेरीतले उर्दू छापील फॉर्म रद्दीत निघाले. तुम्ही त्यांचं गाठोडं बांधून सायकलवर घरी आणलंत. मी म्हटलं, "हा कचरा कशाला?" तर म्हणालात, "वहिनी, सरकार बदललं, पण कागदाची पाठ अजून कोरीच आहे." त्या पाठीवर तुम्ही पहिली कादंबरी लिहिलीत. एका अंगाला शेतकऱ्याचं नाव, सर्व्हे नंबर, पिकाचे रकाने. दुसऱ्या अंगाला त्याच शेतकऱ्याची हकिगत.

तुमची ती मोडी पुण्याच्या छापखान्यात कुणाला लागेना. बाड परत आलं. मग मी बाळबोधीत स्वच्छ प्रत करायला घेतली. मी हैदराबादला इंग्रजी शाळेत शिकलेली. समास, परिच्छेद, अवतरणचिन्हं जिथल्या तिथे लागत. तुम्ही माझं अक्षर बघून म्हणायचात, "ही अक्षरं आहेत का कवायतीला उभी केलेली पलटण?" मी म्हणायचे, "आणि तुमची म्हणजे बाजार उठल्यावरची बैलं." मी सांगायचे, इंग्रजी कादंबरीत असं प्रकरण पाडतात, इथे असा शेवट करतात. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि मग विचारायचात, "बोरी गावात कुणी इंग्रज पाहिलाय का कधी?" तुमचे दादा खुर्चीतून पेपरच्या आडून म्हणायचे, "भांडा, भांडा. चहा कधी होणार तेवढं सांगून ठेवा."

आता तुमचा नियम सांगते. शरूच्या प्रश्नाचं माझं उत्तर तोच आहे.

ज्या माणसावरून लिहिलं त्याला ते वाचून दाखवल्याशिवाय छापायला द्यायचं नाही. ज्याला वाचता येत नाही त्याला तर आधी. प्रकरण पुरं झालं की तुम्ही कागद धोतराच्या फडक्यात बांधायचात आणि रविवारी मोटारीनं, नाहीतर सायकलवर, त्या गावी जायचात. ओट्यावर बसून वाचायचात. नाव बदललेलं असलं तरी माणूस स्वतःला ओळखतो, म्हणायचात. "वहिनी, लिहिणं सोपं आहे. ज्याचं लिहिलं त्याच्या ओट्यावर बसून, त्याच्या हातचं पाणी पिऊन ते वाचणं कठीण. तिथे जे वाक्य घशात अडकतं ते खोटं असतं. घरी येऊन ते काढायचं, बस."

आणि माणूस नको म्हणाला तर? पेडगावच्या एका बागाईतदारावरचे तुमचे चाळीस कागद आठवतात. माझ्या मते तुम्ही लिहिलेल्यातलं सगळ्यात धारदार. त्यानं शेवटपर्यंत ऐकलं, पानदान पुढे केलं आणि म्हणाला, "मुन्शीजी, खरं हाय समदं. पर माज्या पोरीचं लगीन व्हायचंय." तुम्ही घरी येऊन कागद सुतळीनं बांधले, वर 'हात लावू नये' लिहिलंत. मी किती तडतड केली! "मग वाईट माणसावर कुणी लिहायचंच नाही का? तो होय म्हणेपर्यंत थांबायचं?" तुम्ही कानाची पाळी चोळलीत आणि म्हणालात, "याचं उत्तर मला सापडलेलं नाही, वहिनी. सापडलं की सांगतो."

सांगितलं नाहीत. ते बाड अजून तसंच बांधलेलं आहे. मी हात लावलेला नाही.

पण एका बाडाला मी हात लावला होता. तेच मुख्य लिहायचं आहे.

बोरीच्या रखमाबाईंना तुम्ही पीकपाहणीच्या निमित्तानं ओळखत होता. नवरा नाही, थोडी जमीन, स्वतःच्या हिमतीवर कसणारी बाई. पोलिस ॲक्शन झाली त्या आठवड्यात गावोगाव माणसं डोकं हरवून फिरत होती. त्याआधी रझाकारांनी ज्यांना छळलं होतं त्यांचा राग आता भलत्यांवरच निघत होता. रखमाबाईंच्या शेजारी हसनभाई पिंजारी राहायचे. त्यांनी जन्मभर कापूस पिंजण्यापलीकडे कुणाचं काही केलं नव्हतं. त्यांच्या बायकोला, झुलेखाबीला, आणि लेकीला रखमाबाईंनी धान्याच्या रिकाम्या पेवात चार दिवस लपवलं, वरून कडबा टाकला, गावाला पत्ता लागू दिला नाही. मायलेकी वाचल्या, पुढे हैदराबादला झुलेखाबीच्या भावाकडे गेल्या. हसनभाई मात्र परत कधी दिसले नाहीत.

ही हकिगत पुढे बोरीत सगळ्यांना ठाऊक झाली. जी कुणालाच ठाऊक नव्हती ती रखमाबाईंनी फक्त तुम्हाला सांगितली. मायलेकी आल्या त्या दिवस मावळताना, मागच्या परसातून. त्याआधी भर दुपारी हसनभाई एकटेच येऊन पुढचं दार वाजवून गेले होते. रखमाबाई दारामागेच उभ्या होत्या. त्यांनी उघडलं नाही.

तुम्ही ते एका पानात लिहिलंत. बोरीला जाऊन वाचलंत. रखमाबाई "असू द्या" म्हणाल्या. बाड माझ्याकडे आलं.

आणि मी ते पान प्रतीत घेतलं नाही.

मुलांनो, आजी नेटकी आहे, असं तुमचे बाबा सांगतात ना? नेटकेपणानं कधी कधी असंही होतं. मला वाटलं, एवढं धैर्य केलेली बाई, तिच्या नावावर हा डाग कशाला? मागचं पान पुढच्याला इतकं बेमालूम जुळलं की सांधा दिसेना. मी तर मनात म्हटलं होतं, शिकलेल्या बाईनं न शिकलेल्या बाईची अब्रू राखली. भाऊजींना पुढे कधीतरी सांगू. मुद्रितं तपासायलाही मीच होते. पुस्तक छापून आलं, कौतुक झालं, पुण्याहून पत्रं आली. सगळ्यांना आवडली ती रखमाबाईच.

तुम्ही पहिली प्रत घेऊन बोरीला गेलात. संध्याकाळी परत आलात, पाय धुतले, पाटावर बसलात, आणि जेवणाआधी एवढंच म्हणालात, "वहिनी, ते दुपारचं पान राहिलं."

राहिलं, म्हणालात. गाळलं म्हणाला नाहीत. मी आमटी वाढत होते. वाढतच राहिले. तुम्ही पुढे म्हणालात, "रखमाबाई चिडल्या. म्हणाल्या, मला देव करून ठिवलं तुमी. त्यानं दार वाजवलं हुतं. ते पान न्हाई तर त्यो आलाच न्हाई म्हणायचा का?"

मी तिची अब्रू राखायला गेले आणि एक माणूस पुस्तकातून घालवून बसले.

पुढचं जे तुम्ही केलंत ते दुसऱ्या कुणी केलेलं मी ऐकलेलं नाही. प्रकाशकाकडून उरलेल्या सगळ्या प्रती तुम्ही परत मागवल्या. स्टेशनवर गठ्ठे उतरले ते हातगाडीनं घरी आले. दुसरं पान छापून घेण्याइतका धीर तुम्हाला नव्हता. म्हणालात, हातानं लिहू. मी बाळबोधीत तेच पान लिहायचं, तुम्ही गव्हाच्या पिठाची खळ शिजवायची आणि एकेका प्रतीत ते नेमक्या जागी चिकटवायचं. माजघरभर पुस्तकं पसरलेली, प्रत्येकावर पोळपाट नाहीतर पाटा वजनाला ठेवलेला. सहा आठवडे पोळ्या मी परातीच्या पाठीवर लाटल्या. दादा म्हणाले, "या घरात आता पुस्तक आधी भाजायचं का पोळी?" तुम्ही खळ ढवळत म्हणालात, "दोन्ही कच्चं वाढू नये."

ज्या प्रती विकल्या गेल्या होत्या त्यांच्यासाठी तुम्ही माहीत असलेल्या प्रत्येक वाचकाला पत्र लिहून त्यात ते पान घालून पाठवलंत. जिंतूरला एका मास्तरांकडे स्वतः गेलात. खळीची वाटी बरोबर होती! मास्तरांनी ही गोष्ट पुढे मला हसत हसत सांगितली. मी हसले नाही. मला त्या वाटीचा इतका अभिमान वाटला की डोळे भरून आले. आपल्या पुस्तकातली उणीव भरायला वाटी घेऊन गावोगाव जाणारा लेखक माझा दीर आहे, हे मला ओरडून सांगावंसं वाटलं.

त्या सहा आठवड्यांत आपण एकच भांडण शंभरदा भांडलो. मी म्हणायचे, "खरं सांगणं हेच सगळ्यात मोठं असतं का? दया काही नाही? डॉक्टरसुद्धा रोग्याला सगळं सांगत नाही." तुम्ही म्हणायचात, "दया करायची तर आपल्या खिशातून करावी. दुसऱ्याच्या हकिगतीतून कापून नाही." मी म्हणायचे, "तुम्ही जन्मात कधी कुणासाठी खोटं बोलला नाहीत, म्हणून हे सुचतं." तुम्ही खळ ढवळत राहायचात. मला वाटायचं, जिंकले.

आणि इतकं बोलून मी एक वाक्य बोलले नाही. ते पान मी जाणूनबुजून गाळलं होतं, हे मी तुम्हाला कधीच म्हटलं नाही. तुम्ही 'राहिलं' या शब्दाची जी फट ठेवली होती तिच्यातून मी सात वर्षं जात-येत राहिले. प्रत्येक पुस्तकाच्या वेळी तुमचा हट्ट असायचा, "आत छापू या, मुद्रणप्रत सुशीलावहिनींनी केली." मी प्रत्येक वेळी नको म्हटलं. तुम्हाला तो विनय वाटला असेल. तो विनय नव्हता.

तुमच्या तेराव्याला प्रकाशकांचं पत्र आलं. सांत्वन व्यवस्थित लिहिलं होतं. मग असं, की आता मराठी राज्य झालं आहे, मराठवाड्यातलं लिखाण सगळ्यांना हवं आहे, बोरीच्या पुस्तकाची नवी आवृत्ती काढायची आहे. फक्त 'ते चिकटवलेले पान' वगळावं. नायिकेचं चित्र त्यानं डागाळतं. ते नसेल तर पुस्तक शाळांतून लागण्यासारखं आहे. कळवावे.

भाऊजी, मी मोहात पडले. बोरीच्या शाळेवरून जाताना तुम्ही एकदा म्हणाला होता, "इथल्या पोरांनी आपल्याच गावाचं पुस्तक धड्यासारखं वाचलं तर मला दुसरं काही नको." तुमची ती इच्छा माझ्या एका होकारावर आली होती. पान गाळायचा अनुभवही मला होताच. दोन दिवस पत्र टेबलावर तसंच ठेवलं. मी पत्राचं उत्तर त्याच दिवशी देते, हे घरात सगळ्यांना माहीत. दादांनी पत्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मुकुंदा असता तर रविवारी कुठे गेला असता?"

रविवारी मी मोटारीनं बोरीला गेले. तुमच्या फडक्यात पुस्तक बांधून. त्या बाईचं बोलणं कितीदा उतरवलं, पण त्या दारात मी पहिल्यांदाच उभी होते.

रखमाबाई सावलीला चिंचा फोडत बसल्या होत्या. मी नाव सांगितलं. त्यांनी वर पाहिलं.

"मुन्शीजी गेले म्हणं."

"हो."

"माय माय! लय चांगला माणूस." मग चिंचेची टरफलं बाजूला सारून जागा केली. "बसा. काय वाचायला आलाव का? आता कोण वाचणार म्हणून मी इचार करायले हुते."

मी प्रकाशकांचं पत्र समजावून सांगितलं. शाळा म्हटल्यावर त्यांचे हात थांबले. मग त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मीच चिंचा फोडायला घेतल्या.

"तुमीच गाळलं हुतं ना ते पान?"

मी म्हटलं, "कुणी सांगितलं?"

"मुन्शीजी म्हणले, माजी चूक. लिवतानी माज्याच हातून सुटलं, वैनीचा काय बी संबंध न्हाई. अन् कानाची पाळी चोळायले हुते." त्या हसल्या. "त्येला खोटं बोलाया येत न्हवतं बाई. मी म्हणलं, जाऊ द्या, वैनीसाठी बोलायलाय तर बोलू द्यावं."

म्हणजे तुम्ही बोललात, भाऊजी. जन्मात एकदा खोटं बोललात, तेही त्याच ओट्यावर, जिथे खोटं वाक्य घशात अडकतं असं तुमचं म्हणणं. आणि ते माझ्यासाठी, तुमच्या खिशातून. मी सहा आठवडे तुम्हाला दयेवरून ऐकवत होते, आणि तुम्ही खळ ढवळत होता.

मला पुस्तक उघडावं लागलं नाही. ते पान मी इतक्या वेळा लिहिलं आहे की ते पाठच आहे. म्हणून दाखवलं:

"दार तीनदा वाजलं. तिचा हात कडीवर होता. बाहेर ऊन मी म्हणत होतं आणि कडी गार लागत होती. हात कडी उघडायला गेला होता की आतून धरून ठेवायला, हे तिचं तिला आजवर कळलेलं नाही. मग पायातल्या वहाणांचा आवाज लांब गेला. तिनं जात्याखालचं पीठ गोळा केलं, चाळलं, डब्यात भरलं. ते पीठ कुणी खाल्लं नाही."

रखमाबाईंनी बोटांना चिकटलेल्या चिंचेच्या शिरा एकेक करून काढल्या.

"तीनदा न्हाई," त्या म्हणाल्या.

"काय?"

"चारदा. तीनदा नुसतंच वाजवलं. चवथ्या येळंला म्हणला, आपा. हळूच. मला आपाच म्हणायचा त्यो, थोरली भैन म्हणून, माज्याहून थोरला असून बी."

मी विचारलं, "भाऊजींना हे का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर त्येंनी लिवलं असतं की!"

त्या थोडं हसल्या आणि मग हसणं तोंडावरच राहिलं. बराच वेळ आम्ही दोघी चिंचा फोडत होतो. मी तुमच्यासारखी थांबले. तुम्ही काही न विचारता थांबायचात, ते किती अवघड असतं ते मला त्या दिवशी कळलं. पेडगावच्या माणसासाठीही तुम्ही असेच थांबला होतात की काय, कुणास ठाऊक. मग त्याच म्हणाल्या, "लिव्हा आता. साळंतली पोरं वाचतेत म्हणता, तर त्येंना बी कळू द्या. दार उघडायला उशीर झाला तर काय हुतं ते. अन् माजं नाव बदलू नका. रखमाच ठिवा."

निघताना त्यांनी चिंचेचा एक गोळा मीठ लावून पदरात बांधून दिला. "मुन्शीजी न्यायचे," म्हणाल्या. तुम्ही आणायचात ती चिंच कुठली, हे मी दहा वर्षांत विचारलं नव्हतं.

घरी आल्यावर मी नवी मुद्रणप्रत करायला घेतली. आठ दिवस लागले. 'तीनदा' खोडलं, 'चारदा' केलं, आणि 'आपा' हा शब्द त्याच्या ओळीत एकटा ठेवला. तुम्ही असता तर म्हणाला असता, पलटणीतून एकटाच का उभा केला? हाक मारणारा दारात एकटाच उभा होता, म्हणून केला. प्रकाशकांना कळवलं, की पान त्याच्या जागी छापायचं असेल तर पुस्तक काढावं, नाहीतर बाड परत पाठवावं. शाळांचं पुढे पाहू. त्यांचं उत्तर काल आलं. काढतो म्हणतात. शाळांचं अवघड आहे म्हणतात. बोरीच्या शाळेसाठी पाच प्रती मी वेगळ्या मागवल्या आहेत. पहिली रखमाबाईंच्या ओट्यावर वाचायला मीच नेईन.

शरू, बाळ, तुमचे मुकुंदआजोबा किती मोठे होते ते मला मोजता येत नाही. माणूस नको म्हणाला तर चाळीस पानं बांधून ठेवण्याइतके. चुकलेलं एक पान घेऊन वाटीसकट जिंतूरला जाण्याइतके. आणि भावजयीची चूक आपल्या अंगावर घेऊन घरी तिला एका शब्दानं न कळू देण्याइतके. पुस्तक आलं की तुम्हाला पाठवते. ते पान मोठ्यानं वाचा. तुमचे बाबा मराठी वाचताना अडखळतील, त्यांना सांभाळून घ्या.

आणि भाऊजी, नव्या आवृत्तीत त्या पानाच्या खाली बारीक टायपात चार ओळी असतील. त्या माझ्या आहेत. तुमच्या पुस्तकात माझं नाव छापून यावं हा तुमचा हट्ट होता ना, तो मी पुरा केला आहे. तिथे असं लिहिलं आहे:

'हे पान पहिल्या आवृत्तीत नव्हते. ते लेखकाकडून राहिले नव्हते. मुद्रणप्रत करताना मी ते कोणालाही न विचारता गाळले होते. सुशीला.'